जुनी मिल, जिन किंवा गोदामाचं नाट्यगृह-कलादालन करायचं आहे? नागपुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. आज त्या जागेवर मॉल आहे. ती इमारत गेली, पण शहरात आणि आसपास अजून बरंच उभं आहे: जिनिंग-प्रेसिंगच्या (कापसातली सरकी काढून गाठी बांधायच्या) शेड, लकडगंजातल्या आरामिली, इतवारीतली गोदामं, हिंगणा एमआयडीसीतले बंद पडलेले कारखाने. यांपैकी एखादी जागा नाटक, संगीत किंवा चित्रप्रदर्शनासाठी वापरायचा विचार करणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. आमचा आग्रह एकच: आधी दरवाजे आणि छप्पर, मग रंगमंच. पैसा उलट्या क्रमाने खर्च झाला की जागा दोन-तीन हंगामांत बंद पडते.

कुठली इमारत घ्यावी आणि कुठली सोडून द्यावी?

चार गोष्टी स्वतः मोजा: खांबांमधलं अंतर, कैचीखालची (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटीखालची) मोकळी उंची, फाटकाची रुंदी आणि भिंतींमध्ये बाहेर उघडणारी दारं काढायला किती जागा आहे ते. सूतगिरणीच्या जुन्या खात्यांत खांब फार जवळजवळ असतात. तिथे प्रेक्षकांच्या नजरेआड खांब येणारच. अशी जागा चित्रदालन, कार्यशाळा किंवा तालमीसाठी उत्तम, नाट्यगृहासाठी नाही. नाटकासाठी किमान १२ मीटर बिनखांबी रुंदी आणि कैचीखाली ६ मीटर उंची हवी. जिनच्या प्रेसघरात ही उंची बहुधा मिळते. उंची ४ मीटरच असेल तर दिवे नटांच्या डोक्यावर येतात, सावल्या विचित्र पडतात आणि उकाडाही वाढतो.

अग्निशमनाचा बंब आत येऊन इमारतीला वळसा घालू शकत नसेल, तर बाकी सगळं मनासारखं असूनही ती जागा सोडा. इतवारीतल्या कित्येक देखण्या गोदामांचं उत्तर इथेच मिळतं.

जमिनीचे कागद कुठले पाहायचे?

आखीव पत्रिका किंवा सात-बारा, भाडेपट्ट्याची मूळ प्रत आणि विकास आराखड्यातला वापर-विभाग. नागपुरात बरीच जमीन नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची आहे. भाडेपट्टा ज्या कारणासाठी दिला, त्याहून वेगळा वापर करायचा तर जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी लागते. नागपूर सुधार प्रन्यासाच्या भाडेपट्ट्यातही वापराची अट लिहिलेली असते. एमआयडीसीचा भूखंड असेल तर तिथे नियोजन प्राधिकरण खुद्द एमआयडीसी आहे. महापालिकेकडे खेटे घालून उपयोग नाही. इमारत वारसा यादीत आहे का, कुठल्या श्रेणीत आहे, हेही आधीच पाहा. यादीत असेल तर दर्शनी भागाला हात लावण्याआधी वारसा संवर्धन समितीची मान्यता हवी.

तीन वर्षांच्या भाडेकरारावर छप्पर बदलण्याचा खर्च करू नका.

संरचनेची तपासणी म्हणजे नक्की काय तपासायचं?

अभियंत्याला फक्त "इमारत मजबूत आहे का" असं विचारलं तर उत्तरही तसंच मोघम येतं. गिरणीच्या तळमजल्यावर यंत्रांचं वजन होतं, गर्दीचं नव्हतं. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागानुसार पक्क्या खुर्च्या असलेल्या सभागृहाच्या जमिनीला चौरस मीटरला ४ किलोन्यूटन (सुमारे ४०० किलोचं वजन) आणि मोकळ्या सभागृहाला ५ किलोन्यूटन भार धरावा लागतो. वरच्या मजल्यावर प्रेक्षक बसवायचे असतील तर हा हिशेब लेखी घ्या. नागपूरसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग ४४ मीटर प्रति सेकंद धरतात. जुन्या पत्र्यांचे हुक गंजले असतील तर मे महिन्यातल्या वादळात पहिलं संकट तिथूनच येतं.

एकोणिसाव्या शतकातल्या इमारतीत खांब ओतीव लोखंडाचे असू शकतात. ओतीव लोखंड दाब भरपूर सोसतं, पण ताण आणि धक्का सोसत नाही. त्याला भोक पाडू नका आणि वेल्डिंग तर अजिबात करू नका. उष्णतेने सांध्याजवळ तडा जातो आणि तो लगेच दिसतही नाही. काही जोडायचंच असेल तर बाहेरून दोन भागांचा पट्टा आवळून बसवा.

जमिनीखाली काय आहे तेही शोधा: यंत्रांचे खड्डे, धुराचे भुयारी मार्ग, पाण्याची टाकी. खड्डे मलब्याने भरले तर वर्षभरात रंगमंच एका कोपऱ्यात खचतो. मुरूम १५० ते २०० मिलिमीटरच्या थरांनी, पाणी मारून, प्रत्येक थर धुम्मस करूनच भरा. वर्षानुवर्षं यंत्राचं तेल प्यायलेल्या काँक्रीटवर इपॉक्सीचा (राळेचा) लेप धरत नाही. तेवढा भाग खरवडून नव्याने ओतावा लागतो.

छपरावर सिमेंटचे पत्रे आहेत. काढायचे का?

जुने सिमेंटचे पत्रे म्हणजे बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉसचे. शाबूत असतील आणि त्यांना हात लागणार नसेल तर धोका कमी. पण नाट्यगृहात छपराला काही ना काही टांगावं लागतं, भोकं पाडावी लागतात, आणि फुप्फुसाचा रोग करणारे तंतू तेव्हाच हवेत उडतात. म्हणून आमचा सल्ला: काढा, पण नीट काढा. पत्रा आधी पाण्याने भिजवा. नटबोल्ट हाताने सोडवा किंवा कापा. पत्रा फोडू नका, वरून खाली टाकू नका. अख्खे पत्रे जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, चिकटपट्टीने बंद करून अधिकृत घातक कचरा केंद्राकडे पाठवा. असं केंद्र बुटीबोरीत आहे. कामगारांना तोंडाला रुमाल पुरत नाही, सूक्ष्म कण अडवणारा गाळणीचा मास्क लागतो. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं.

आणखी एक धोका रोगाइतकाच खरा आहे. हे पत्रे माणसाचं वजन पेलत नाहीत. चालायला फळ्या टाकल्याशिवाय आणि कमरेला दोर बांधल्याशिवाय कोणालाही वर चढवू नका.

दिवे जुन्या कैच्यांनाच टांगले तर चालतील ना?

गणित करून पाहा. १२ मीटरचा पाइप, त्यावर १० किलोचे १२ दिवे, क्लॅम्प, केबल: एका बारचं वजन २०० किलोच्या घरात जातं. असे चार बार, त्यात ध्वनिशोषक पट्ट्या आणि हवेचा डक्ट मिळवला की छपरावर काही टनांचा नवा भार येतो. ती कैची फक्त पत्रा आणि वारा यांच्यासाठी घडवलेली असते.

त्यामुळे आत स्वतंत्र पोलादी सांगाडा उभारा: स्वतःचे खांब, स्वतःचा पाया, जुन्या भिंतीला कुठेही न टेकलेला. काळ्या मातीत पाया मुरमापर्यंत किंवा कठीण थरापर्यंत न्यावा लागतो. ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि उथळ पाया दरवर्षी हलवते. कैचीला काही टांगायचंच झालं तर अभियंत्याच्या लेखी परवानगीने आणि सांध्यापाशीच. दोन सांध्यांमधल्या मोकळ्या सळईवर कधीच नाही. प्रत्येक दिव्याला क्लॅम्पखेरीज वेगळी पोलादी सुरक्षा-तार हवी.

आगीच्या दृष्टीने किती दारं, किती रुंद?

या प्रश्नावर कुठलीही सवलत मागू नका. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ओकलंड शहरात 'घोस्ट शिप' नावाच्या गोदामात कार्यक्रम सुरू असताना आग लागून ३६ माणसं मेली. वरच्या मजल्यावरून खाली यायच्या जिन्यांपैकी एक लाकडी पॅलेट जोडून केलेला होता. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या उपाहारगृहांच्या आगीत १४ जण गेले. दोन्ही जागा मुळात उद्योगाच्या होत्या, आणि गर्दी आत आल्यावर तिला बाहेर काढायची वाट त्या प्रमाणात उरली नव्हती.

दारांच्या हिशेबासाठी खुर्च्या मांडलेल्या जागेत माणशी ०.६ चौरस मीटर धरा. म्हणजे ४०० चौरस मीटरच्या प्रेक्षकभागात ६६६ माणसं येऊ शकतात असं मानूनच दारांचा हिशेब करायचा, तुम्ही खुर्च्या ३५० मांडा की ४००. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ प्रमाणे सपाट मार्गावर माणशी ६.५ मिलिमीटर आणि जिन्यावर १० मिलिमीटर रुंदी. ६६६ गुणिले ६.५ म्हणजे सुमारे ४.३ मीटर. सभागृहाचं एकही निर्गमद्वार २ मीटरपेक्षा अरुंद चालत नाही, म्हणजे किमान तीन दारं लागली, तीही एकमेकांपासून दूर. एकाच भिंतीत ओळीने तीन दारं काढली तर आग त्या बाजूला लागल्यावर तिन्ही निकामी. कुठल्याही खुर्चीपासून दारापर्यंत चालायचं अंतर ३० मीटरच्या आत हवं.

दार बाहेर उघडणारं आणि आतून दांडी ढकलताच सुटणारं असावं. कारखान्यांना सरकती लोखंडी दारं असतात. ती शोभेला ठेवा, पण ती निर्गमद्वार धरता येत नाहीत. गर्दी दाराला रेटली की ते सरकवताच येत नाही. प्रयोग सुरू असताना "फुकटे येतात" म्हणून कुलूप लावणं हा गुन्हा मानूनच व्यवस्थापन चालवा.

जिनच्या इमारतीत एक खास काम असतं. कैच्यांवर, भिंतींच्या खाचांत, जुन्या डक्टमध्ये कापसाची रुई आणि धूळ वर्षानुवर्षं साचलेली असते. एका ठिणगीत ज्योत छपराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळते. वेल्डिंगचं काम सुरू होण्याआधी ही रुई औद्योगिक व्हॅक्यूमने काढून घ्या. कबुतरांची आणि वटवाघळांची विष्ठाही आधी भिजवून मगच काढा. कोरडी झाडली की फुप्फुसाचे आजार होतात.

पडदे अग्निरोधक प्रक्रिया केलेले हवेत. धुतल्यावर बऱ्याच प्रक्रियांचा असर जातो, तेव्हा पुन्हा करून घ्या. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ नुसार यंत्रणा चालू असल्याचा 'फॉर्म बी' परवानाधारक संस्थेकडून दरवर्षी जानेवारी आणि जुलैत घ्यावा लागतो. तो कागद केवळ फाइलसाठी घेऊ नका. त्या दिवशी पंप सुरू करून नळीतून पाणी सोडून पाहा.

मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये प्रयोग कसा करणार?

कूलर आणि एसी ही नंतरची गोष्ट. आधी छप्पर. ४५ अंशांच्या दुपारी उघडा पत्रा हात लावता येणार नाही इतका तापतो आणि सूर्य मावळल्यावरही भिंती-फरशीत साठलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत बाहेर पडत राहते. पत्र्यावर चुन्याचा हात मारायची आपल्याकडची रीत खरंच कामाची आहे, फक्त दर उन्हाळ्यापूर्वी पुन्हा मारावा लागतो. पांढरा परावर्तक लेप काही वर्षं टिकतो. त्याखाली ५० मिलिमीटर रॉकवूल (दगडी तंतूंचा थर) आणि सर्वांत उंच ठिकाणी गरम हवा जायला झरोके, एवढं केल्यावरच यंत्राचा आकार ठरवा.

करवतीच्या दातांसारखं छप्पर असेल तर काचा उत्तरेला असतात. कापड विणताना थेट ऊन नको म्हणून ती योजना. चित्रदालनासाठी तो प्रकाश अप्रतिम आहे, त्या काचा बुजवू नका. पण नागपूर २१ अक्षांशावर आहे: साधारण २६ मे ते १७ जुलै या काळात दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेकडे असतो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळची तिरपी किरणं उत्तरेच्या काचेतून आत येतात. जलरंग, कापड, जुने कागद मांडायचे असतील तर काचेला अतिनील किरण अडवणारी फिल्म लावा.

आता कूलर. ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना चांगल्या पॅडचा डक्टिंग कूलर सुमारे २७ अंशांची हवा देतो. ४०० प्रेक्षक मिळून साधारण ४० किलोवॅट उष्णता सोडतात. २७ ची हवा ३१ पर्यंत तापू द्यायची ठरवली तर फक्त माणसांची उष्णता काढायला तासाला ३० हजार घनमीटर हवा लागते. छपराची उष्णता वेगळी. तेवढीच हवा बाहेर जायला किमान ३ ते ३.५ चौरस मीटर मोकळी वाट ठेवा. बहुतेक ठिकाणी चूक इथेच होते: कूलर मोठे, खिडक्या बंद, आत दमट वाफ. पंख्याचा आवाज प्रयोगात येऊ नये म्हणून मोठा डक्ट, कमी वेग आणि कूलर व डक्टमध्ये कॅनव्हासचा सांधा.

जुलैत ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला हाच कूलर जेमतेम दोन अंश उतरवतो आणि घाम वाढवतो. पावसाळ्यातही प्रयोग हवे असतील तर एसीला पर्याय नाही. नसतील तर ऑक्टोबर ते मार्च हा हंगाम धरा आणि तो पैसा छपरात घाला.

आवाज घुमतो, संवाद कळत नाहीत. काय करावं?

४० बाय १८ मीटरची, सरासरी ७ मीटर उंच शेड घ्या. घनफळ ५०४० घनमीटर. विटा, फरशी, पत्रा हे सगळं आवाज परतवणारं. सरासरी शोषणांक (० म्हणजे सगळा आवाज परत, १ म्हणजे सगळा शोषला) ०.०५ धरला तर घुमण्याचा काळ सात सेकंदांच्या वर जातो. नाटकाला तो १ ते १.२ सेकंद लागतो. सॅबिनच्या सूत्राने (०.१६१ गुणिले घनफळ भागिले एकूण शोषण) १.२ सेकंदांसाठी सुमारे ६७५ चौरस मीटर शोषण लागतं. इमारतीचं स्वतःचं ११०, चारशे प्रेक्षकांचं १८० च्या आसपास, उरलेलं ३८५. ०.८ शोषणांकाचं साहित्य वापरलं तर सुमारे ४८० चौरस मीटर, म्हणजे छपराचा दोनतृतीयांश भाग.

घनमीटरला ४८ किलो घनतेचं ५० मिलिमीटर रॉकवूल, त्यावर काचतंतूचं कापड, त्यावर छिद्रांचा पत्रा किंवा जाळी. मागची भिंत अर्धी झाका, कारण रंगमंचावरचा आवाज तिथून उशिरा परततो आणि नटाला स्वतःचंच वाक्य पुन्हा ऐकू येतं. रंगमंचालगतच्या बाजूच्या भिंती मात्र उघड्या विटांच्याच राहू द्या. त्या आवाज पुढे ढकलतात. शास्त्रीय गायनाला थोडी गुंज हवी असते, म्हणून बाजूंना सरकते जाड पडदे ठेवले तर नाटकाला ओढता येतात आणि मैफलीला उघडता येतात.

अंड्यांचे ट्रे आणि गादीचा फोम लावू नका. ट्रे खालचे स्वर शोषत नाहीत, फोम काही मिनिटांत पेटून विषारी धूर करतो.

पावसाचा आवाज?

पत्र्याच्या खालच्या बाजूला चिकटणारे डांबरी डॅम्पिंग पॅड, मग हवेची फट, मग रॉकवूल. नुसत्या रॉकवूलने अर्धंच काम होतं. त्याआधी गळती बंद करा. भिजलेलं रॉकवूल बसतं आणि परत उठत नाही. ७२० चौरस मीटरच्या छपरावर तासाला १०० मिलिमीटरची सर आली तर सेकंदाला २० लिटर पाणी पन्हळीत येतं. दोन उतारांमधली पन्हळ कडुनिंबाच्या पानांनी तुंबली की ते सगळं आत. दर पावसाळ्यापूर्वी साफसफाई आणि पन्हळीच्या टोकाला जादा पाणी बाहेर टाकणारी खाच, दोन्ही हवं.

शेजाऱ्यांच्या तक्रारी येतील का?

येतील, आणि त्या छपरामुळे येतील. २३० मिलिमीटरची विटांची भिंत चौरस मीटरला चारशे किलोहून जड असते, अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा चार किलोचा. ढोल, बेस, ड्रम हे स्वर वजनानेच अडतात. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. वस्तीत जागा असेल तर ती नाटक, कथक, मैफल, प्रदर्शन यांच्यासाठी चालवा. डीजेचे कार्यक्रम घेऊन परवाना गमावण्यात अर्थ नाही.

भिंतींना सिमेंटचं प्लॅस्टर करून टाकू का?

नको. जुनी भिंत चुन्यात बांधलेली आहे. ओल आत शिरते आणि सांध्यांतून बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बंद होते, ओल विटेतून बाहेर पडू पाहते आणि क्षारांमुळे विटेचा चेहराच सुटून येतो. सांधे २० ते २५ मिलिमीटर खोल हाताने खरवडा, मुरवलेला चुना आणि वाळू १ ला ३, गरजेनुसार सुरखी (विटांची पूड). आठवडाभर ओलं पोतं. हे काम मे महिन्यात करू नका. चुना पकडण्याआधीच वाळतो आणि बोटाने झडतो.

कमानीचा रंगमंच की मोकळी जागा?

जुन्या शेडमध्ये मोकळी जागा. कमानीच्या, म्हणजे प्रेक्षक एकाच बाजूला बसतात अशा नाटकासाठी शहरात वसंतराव देशपांडे सभागृह आणि सुरेश भट सभागृह आहेतच. खडी गंमत, दंडार ही विदर्भातली लोकनाट्यं आणि प्रायोगिक एकांकिका यांना प्रेक्षक तीन-चार बाजूंनी लागतात आणि ती सोय कुठेच नीट नाही. दोन बाय एक मीटरच्या लेव्हल (हलवता येणारे चौथरे) वापरा, खुर्च्या चार-चारच्या संचात बांधा म्हणजे धावपळीत त्या पायांत येत नाहीत. नाचासाठी काँक्रीटवर थेट फरशी नको: रबरी गुटके, त्यावर लाकडी पट्ट्या, त्यावर १८ मिलिमीटर प्लायचे दोन थर, सांधे आडवे-उभे. कथकवाल्यांचे गुडघे याने वाचतात.

विजेचं काय?

जुनी वायरिंग पूर्ण काढा. महावितरणकडे औद्योगिक जोडणी असेल तर वापराचा प्रवर्ग बदलून घ्या, नाहीतर फरकाचं बिल मागाहून येतं. ध्वनी आणि प्रकाश यांचे वितरण-फलक वेगळे ठेवा. एकाच फेजवर आले की स्पीकरमधून गुणगुण येते. म्हणून ध्वनीसाठी अर्थिंग तोडण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्याने माणसं मरतात. रंगमंचावरच्या प्रत्येक सॉकेटला ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच आणि बाहेरगावच्या नाटक कंपन्यांसाठी ६३ अँपिअरचा थ्री-फेज सॉकेट विंगेजवळ.

स्वच्छतागृहं किती?

मध्यंतर पंधरा मिनिटांचं असतं, त्यावरून ठरवा. २०० स्त्रियांना किमान सहा शौचकूपं लागतात. गिरणीच्या आराखड्यात ती जवळजवळ नसतातच, त्यामुळे मलवाहिनीचा उतार पहिल्या महिन्यात तपासा. एक अपंगांसाठी, रॅम्प १ ला १२ च्या उताराने.

जुनी यंत्रं ठेवावीत का?

एक-दोन ठेवा, पण वाटेत नाही. फिरणारे भाग वेल्डिंगने नव्हे, बोल्टने अडकवा. तेल उपसून काढा. कामगारांच्या हजेरीच्या पाट्या, खात्यांची नावं, भिंतीवर रंगवलेल्या सूचना पुसू नका.

प्रत्येक कार्यक्रमाला वेगळी परवानगी लागते का?

जागेला सार्वजनिक करमणुकीचा परवाना पोलीस आयुक्तालयाकडून, अग्निशमन विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र, बदललेल्या वापराचं भोगवटा प्रमाणपत्र. नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र निर्मात्याकडून मागून घ्या. ध्वनिमुद्रित संगीत वाजणार असेल तर त्याचे हक्क वेगळे.

काम कुठल्या महिन्यात सुरू करावं?

ऑक्टोबरात. पाऊस संपल्यावर गळतीच्या खुणा भिंतीवर ताज्या असतात, त्याच वेळी नकाशावर नोंदवा. नोव्हेंबर ते जानेवारी चुन्याचं काम, पाया आणि मुरूम. फेब्रुवारी-मार्चमध्ये पोलादी सांगाडा, त्यानंतर पत्रे आणि पन्हळी, जून उजाडण्याआधी पूर्ण. पहिला पावसाळा इमारत रिकामी ठेवून पाहा: कुठे गळतं, कुठे ओल चढते, काळी माती कुठली भेग उघडते. ध्वनिशोषक साहित्य, पडदे आणि खुर्च्या त्या पावसाळ्यानंतरच आत आणा.